आधी चिमटा बघ, मग दगड

मित्रांनो, आधी माझ्याकडे नीट बघा. मी राखाडी आहे. निळसर नाही, पिवळसर नाही, नुसता राखाडी. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी हकिकत याच रंगावर उभी आहे.

मी एक जुना चिमटा आहे. चिमटा म्हटले की तुम्हाला स्वयंपाकघरातला, विस्तवाशी खेळून तोंड काळे केलेला चिमटा आठवेल. तो आमचा लांबचा भाऊबंद. मी वीतभराहून थोडा कमी, निमुळत्या टोकांचा, रत्ने उचलणारा चिमटा. आणि स्वभावाने म्हणाल तर पक्का संशयी. दिसते तसे नसते म्हणून जग फसते, ही म्हण तुम्ही शाळेत पाठ केली असेल. मी तिच्यावर पोट भरले आहे.

एका लहानशा कारखान्यात पोलादाच्या दोन पट्ट्या शेपटीकडे जोडून मला घडवले. टोकांच्या आतल्या अंगाला बारीक आडव्याउभ्या रेघा पाडल्या, म्हणजे गुळगुळीत दगड निसटू नये. मला वाटले, आता मला घासूनपुसून चकचकीत करतील. कारागिराने उलटेच केले. वाळूचा फवारा मारून माझी होती नव्हती ती चमक घालवली. मी हिरमुसलो. पुढे कळले की चकचकीत चिमटा आपली चमक दगडाला उसनी देतो आणि बघणारा फसतो. शेवटी कारागिराने स्वतःच्या डोक्यावरचा एक पांढरा केस उपटून टेबलावर टाकला आणि माझ्याकडून उचलवला. मी तो उचलला.

“जा,” तो म्हणाला. “कुणाचाही दगड धर. बाजू मात्र कुणाची धरू नकोस.”

मी ज्यांच्याकडे गेलो त्यांना सगळे खिडकीवाले म्हणत. त्यांचा रत्ने पारखून विकण्याचा व्यवसाय होता. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत उत्तरेकडची मोठी खिडकी आणि खिडकीला लागून टेबल. उत्तरेच्या खिडकीतून ऊन थेट येत नाही, नुसता शांत उजेड येतो. खिडकीवाले दगड बघायचे ते याच उजेडात, सकाळी दहाच्या सुमाराला. कुणी संध्याकाळी नीलम घेऊन आला तर ते पुडीसुद्धा उघडायचे नाहीत. “दिवा हा विकत घेतलेला साक्षीदार,” ते म्हणायचे. “उद्या सकाळी या.”

संशयात ते माझेही गुरू होते. ते कायम राखाडी सदरा घालत, कारण रंगीत कपड्याची झाक दगडात उतरते. कुणी लाल कपड्यांत आले तर त्याला आदराने लांबच्या खुर्चीत बसवत. एकदा समोरच्या इमारतीला गुलाबी रंग दिला. त्या दिवसापासून त्यांनी खिडकीत दगड बघणेच बंद केले. तीन महिने त्या घरमालकाशी हुज्जत घातली आणि शेवटी आमच्या खिडकीसमोरचा भिंतीचा तुकडा पांढरा करून घेतला. ती इमारत अजून तशीच आहे, सगळी गुलाबी आणि मधे एक पांढरे ठिगळ. येणारेजाणारे हसतात. हसू द्या.

“माझा डोळा आणि हा चिमटा,” ते लोकांना सांगायचे, “दोघांनी आजवर खोटं बोललेलं मला आठवत नाही.” हे ऐकले की माझी दोन्ही टोके अभिमानाने शिवशिवायची.

त्यांची लेक शिक्षण संपवून हाताखाली आली तशी ऑनलाइन विक्रीची टूम निघाली. लांबलांबचे लोक फोनवर फोटो बघून दगड मागवतात, असे तिने सांगितले. खिडकीवाल्यांनी कपाळाला हात लावला. “फोटोवरून दगड? फोटोवरून सोयरीक जमवलेल्यांचं पुढे काय होतं, ते बघितलंय मी.”

पण काळापुढे कुणाचे चालते? त्यांनी होकार दिला, मात्र एक नियम घालून. प्रत्येक दगडाचा फोटो माझ्या चिमटीत धरूनच काढायचा. “कॅमेरा कधी निळा होतो, कधी पिवळा होतो,” त्यांनी लेकीला शिकवले. “नीलम नेमका किती निळा, ते त्याला काय माहीत? पण चिमटा राखाडी आहे, हे आपल्याला माहीत आहे. आधी चिमटा बघ, मग दगड. फोटोतला चिमटा खऱ्या चिमट्यासारखा दिसला, की दगडही खरा आला समज.”

एकदा फोटो पसंत पडला की लेक कडेचा मी कापून टाकायची आणि नुसता दगड दुकानाच्या पानावर चढवायची. गरज सरो आणि वैद्य मरो! मला जरा लागायचे. पण साक्ष माझी असायची, म्हणून मी मनावर घेत नसे. दगड घरपोच गेल्यावर लोक कळवायचे, ‘फोटोत होता अगदी तसाच आहे.’ कित्येक वर्षे असे सुरळीत चालले.

मग, साधारण दोन वर्षांपूर्वी, माझ्या मनात संशयाचा किडा शिरला.

खिडकीवाले त्या सुमाराला आतल्या खोलीत बसू लागले होते. खिडकीतला उजेड टोचतो म्हणायचे. दिवसातून दहादा चष्मा पुसायचे. ज्यांनी जन्मभर दिव्याला नावे ठेवली, त्यांनी आतल्या खोलीत मोठा दिवा लावून घेतला. मी म्हटले, वयाचा भाग आहे. माझे सगळे लक्ष लेकीवर होते.

कारण ती बाहेर टेबलाशी बसून फोटो काढायची तेव्हा पडद्यावर मी जसाच्या तसा असायचो, राखाडी. मग ती फोन घेऊन आत जायची. आत काय बोलणे व्हायचे ते दार आड असल्याने मला ऐकू येत नसे. बाहेर आली की ती पडद्याकडे बराच वेळ बघत बसायची. एकदा दाराकडे नजर टाकायची. आणि मग अंगठ्याने पडद्यावरची रंग बदलणारी बारीक पट्टी हळूच सरकवायची. मित्रांनो, माझ्या डोळ्यांदेखत मी निळा पडायचो! दगडाचे तर विचारूच नका. करड्या अंगाचा साधा नीलम पडद्यावर खोल निळा, जांभळी झाक मारणारा दिसू लागायचा. मग फोन घेऊन ती पुन्हा आत जाऊन यायची आणि मला कापून टाकायची. पुरावाच नाहीसा!

इथे पाणी मुरते आहे, हे ओळखायला मला भिंगाची गरज नव्हती. बापाच्या चाळीस वर्षांच्या नावावर ही मुलगी रंग फासून दगड खपवते आहे, असे मी ठरवून टाकले. चोराच्या मनात चांदणे असते म्हणतात, म्हणूनच ती दाराकडे बघते. तिने उसासा टाकला तरी मला तो नाटकी वाटायचा. एके दिवशी रागाच्या भरात मी तिच्या हातून एक दगड निसटू दिला. तो टणकन उडून कपाटाखाली गेला. तिने गुडघ्यांवर बसून अर्धा तास फरशी चाचपली. मला बरे वाटले. हे लिहिताना आज लाज वाटते, पण तेव्हा बरेच वाटले होते.

दगड परत येऊ लागले. ‘फोटोतला निळा कुठे गेला?’ असे लोक विचारू लागले. खिडकीवाले फोनच्या नावाने बोटे मोडायचे आणि लेक मूग गिळून बसायची.

अशातच एका रफू करणाऱ्या बाईंचा निरोप आला. लेकीने तो आतल्या खोलीच्या दारात उभे राहून वाचून दाखवला, म्हणून मलाही ऐकू आला. बाईंच्या आईच्या कानातल्यांची जोडी होती, प्रत्येकात एक नीलम. त्यातल्या एकाचा दगड पडून हरवला होता. आईचे वय झाले होते, तिला फारसे काही आठवत नव्हते. पण ती रिकाम्या कानाला हात लावायची आणि दिवसभर घरभर दगड शोधत राहायची. उशीखाली, डब्यात, लोकांच्या चपलांमध्ये. बाईंना जोडीला जोड हवी होती. आमच्या पानावरचा एक नीलम अगदी आईच्या निळ्याचा दिसला, म्हणून त्यांनी तो मागवला होता.

आठ दिवसांत तो दगड परत आला. सोबत चिठ्ठी होती. ‘कानातल्यात बसवून आईला दिलं. तिने उलटंसुलटं करून बघितलं आणि हे माझं नाही म्हणून परत दिलं. कृपया दुसरा पाठवा.’

दुसरा पाठवला. तोही परत आला. या वेळी चिठ्ठी आणखी लहान होती. ‘आई अजून शोधतेच आहे. मी स्वतः येते.’

ती सकाळ मला लख्ख आठवते. दहा वाजता बाई आल्या. मळकट राखाडी पोशाख, बोटांच्या टोकांना सुईचे घट्टे. त्यांनी कापसात गुंडाळलेले ते उरलेले कानातले काढून पांढऱ्या तबकात ठेवले. त्यातला नीलम निळा होता, पण आत कुठेतरी जांभळट ऊब होती. खिडकीवाले बऱ्याच दिवसांनी खिडकीशी येऊन बसले. उजेडाला हात आडवा धरला.

“माझंच चुकलं म्हणा,” बाई म्हणाल्या. “मी दोरा कधी दिव्याखालीसुद्धा निवडत नाही. आणि आईचं कानातलं म्हटल्यावर फोटोला भुलले.”

“तुमचं कशाला चुकेल?” खिडकीवाले म्हणाले. “तुमच्यासमोर मी निवडून देतो. आजवर माझ्या हातची जोडी कुणी परत आणलेली नाही.”

लेकीने तबकात तीन नीलम मांडले. दोन परत आलेले. तिसरा तिने गेल्या वर्षी बाजूला टाकलेल्या एका पुडीतून काढला. त्या पुडीवर खिडकीवाल्यांच्याच अक्षरात ‘काळपट’ असे लिहिले होते. मला वाटले, घ्या, आता हा टाकाऊ दगड गळ्यात मारणार!

खिडकीवाल्यांनी मला उचलले. त्यांचा हात अजून तसाच होता, जराही थरथर नाही. त्यांनी कानातले बघितले, तिन्ही दगड एकेक करून बघितले आणि मधला माझ्या चिमटीत धरून बाईंपुढे केला. “हा. डोळे मिटून सांगतो.”

बाईंनी दगड जवळून निरखला. मग अगदी हळू म्हणाल्या, “काका, पहिला परत पाठवला तो हाच.”

खिडकीवाल्यांचा चेहरा उतरला आणि लगेच तापला. ते लेकीकडे वळले. “तू फोटोत काहीतरी रंगरंगोटी करतेस, म्हणून यांच्या मनात नको तो निळा भरलाय. खरा दगड आता यांना पटायचा कसा?”

मी मनातल्या मनात टाळी वाजवली. सापडली एकदाची!

लेकीने फोन काढला, टेबलावर ठेवला आणि त्याच दगडाचा फोटो उघडला, मला कापण्याआधीचा. पडद्यावर मी होतो, निळाशार पडलेला. तिने मला वडिलांच्या हातातून सोडवून फोनच्या शेजारी आडवे ठेवले.

“बाबा, या फोटोतला चिमटा कुठल्या रंगाचा दिसतो?”

“राखाडी,” ते म्हणाले. “बरोबरच आहे. मीच नाही का पसंत केला?”

बाई पुढे वाकल्या. “राखाडी? काका, हा निळा आहे. गणवेशाच्या पांढऱ्या सदऱ्याला नीळ जास्त झाली की होतो ना, तसा.”

लेकीने दुसरा फोटो उघडला. “आणि हा? हा मी काढला तसाच आहे. याला हात लावलेला नाही.”

“हा पिवळा आलाय,” खिडकीवाले म्हणाले. “म्हणून तर तुला सांगितलं, निळा वाढव.”

तो फोटो पिवळा नव्हता, मित्रांनो. त्यात मी होतो तसाच होतो.

“दर वेळी तुम्ही हेच सांगत होता,” लेक म्हणाली. “अजून निळा, अजून थोडा. मी एकदा म्हटलं होतं, बाबा, चिमटा निळसर वाटतोय.”

“मग?”

“तुम्ही म्हणालात, तू किती वर्षं दगड बघतेस?”

म्हणजे आतल्या खोलीत हे चालायचे! ती बाहेर येऊन पडद्याकडे बघत बसायची ती स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा की बापाच्या, या पेचात. दाराकडे बघायची ती चोरासारखी नव्हे. पुन्हा आत जाऊन सांगावे की काय, म्हणून. मी कॅमेऱ्यावर संशय घेतला, फोनवर घेतला, पोरीवर घेतला. ज्या डोळ्याने मला संशय घ्यायला शिकवले, त्याच्यावर घेण्याचे माझ्या मनातही आले नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

“माझ्या आईलाही असंच झालं होतं,” रफूवाल्या बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. “मोतीबिंदू. चादरी पिवळ्या धुतल्या म्हणून रोज माझ्याशी भांडायची. शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्या दिवशी म्हणते कशी, आज बऱ्या धुतल्यास. म्हणून तर तिला हा निळा कळतो, काका. बाकी सगळं विसरली, तरी रंग विसरली नाही.”

खिडकीवाल्यांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून बसले. चाळीस वर्षे ज्या खिडकीवर त्यांचे नाव चालले, तिच्याकडे त्यांनी पाठ केली. “किती जणांना चुकीचा रंग सांगितला असेल मी,” ते म्हणाले. “शपथेवर सांगितला असेल.”

मग त्यांनी मला टेबलावरून उचलले, टोके स्वतःकडे आणि शेपटी लेकीकडे केली. आमच्या व्यवसायात चिमटा दुसऱ्याच्या हाती द्यायची हीच रीत आहे.

“तू उचल,” ते म्हणाले.

तिने मला बोटांत घेतले. मी जीव तोडून घट्ट धरले. तिने तो तिसरा नीलम उचलला, काळपट म्हणून बाजूला टाकलेला, आणि कानातल्याशेजारी धरला. तीच जांभळट ऊब, तीच खोली. दोन भावंडे असावीत तसे ते दिसत होते. बाईंचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडे गेला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. “हाच,” त्या म्हणाल्या.

खिडकीवाले पुढे झुकून कितीतरी वेळ बघत राहिले. “मला अजूनही काळपटच दिसतोय,” ते म्हणाले. “दिसू दे. पुडीवरचं माझं अक्षर खोड. तुझं लिही.”

दोन आठवड्यांनी बाईंचा निरोप आला. आईने दोन्ही कानांत घातले. आरशात बघितले. ‘सापडलं वाटतं,’ एवढेच म्हणाली आणि जाऊन झोपली. त्यानंतर तिने उशी उचकटलेली नाही.

खिडकीवाल्यांच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली तशी ते पट्टी निघाली त्या दिवशीच खिडकीशी हजर झाले. एकदा हा डोळा मिटायचे, एकदा तो. “एकाच नाकाच्या दोन बाजूंना एवढं भांडण!” ते हसले. मग त्यांनी मागच्या दोन वर्षांतले सगळे फोटो उघडायला लावले. प्रत्येक फोटोत निळा पडलेला मी. ते बघताना मात्र ते हसले नाहीत. ते दगड घेतलेल्या प्रत्येकाला त्यांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहिले, की सकाळी खिडकीशी दगड धरून बघा, फोटोहून वेगळा वाटला तर चूक माझी आहे, परत पाठवा. बरेच दगड परत आले. काही लोकांनी लिहिले की आम्हाला आता हाच रंग आवडू लागला आहे. खरे की खोटे, देव जाणे.

आता आमच्या पानावर मला कापत नाहीत. प्रत्येक फोटोत दगड असतो आणि त्याला धरलेला मी असतो. खाली लेकीने एक ओळ लिहिली आहे: ‘चिमटा राखाडी दिसत नसेल तर या रंगावर विश्वास ठेवू नका.’

तेव्हा मित्रांनो, ऑनलाइन फोटोतला रंग बघून हुरळू नका. त्यात आपल्या ओळखीची एखादी साधी वस्तू आहे का, ते शोधा. पांढरा कागद, माणसाचे बोट, माझ्यासारखा एखादा चिमटा. तुमचा फोन संध्याकाळी आपसूक पिवळा होतो का, तेही तपासा. आणि दगड हाती आला की दिवा बंद करून खिडकी उघडा. संशय घ्यायला मी कधीच नको म्हणणार नाही. पण तो सगळ्यांवर सारखा घ्या, स्वतःच्या डोळ्यांवरसुद्धा. घरातले कुणी वारंवार चष्मा पुसू लागले, उजेड टोचतो म्हणू लागले, तर त्यांना वेळेवर डॉक्टरांकडे न्या. आणि मोठ्यांना एखादी गोष्ट एकदा सांगून त्यांनी उडवून लावली, तर दुसऱ्यांदाही सांगा.

माझ्यापुरते म्हणाल, तर मला तोंड आहे, पण बोलता येत नाही. लेकीची माफी मी मागू शकलो नाही. तिला तर मी कसला आळ घेतला होता हेही ठाऊक नाही. मला येते ते एकच, धरणे. त्या सकाळपासून आजपर्यंत तिच्या हातून मी एकही दगड निसटू दिलेला नाही.